खर्चाच्या टेबलावरून व्याजदराच्या टेबलाकडे: व्हिक्टोरिया रॉड्रिगेझ सेहा यांचं प्रकरण

२४ नोव्हेंबर २०२१ ला मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष आंद्रेस मानुएल लोपेझ ओब्राडोर यांनी मध्यवर्ती बँकेच्या पुढच्या गव्हर्नरचं नाव जाहीर केलं: व्हिक्टोरिया रॉड्रिगेझ सेहा. बाजारातून पहिला प्रश्न आला, 'या कोण?' चाळिशीतल्या या बाई तेव्हा अर्थखात्यात खर्च विभाग सांभाळत होत्या. व्याजदर, चलनवाढ, विनिमय दर या विषयांवर त्यांचं जाहीर लिखाण नव्हतं आणि परिषदांतली भाषणंही कुणाला आठवत नव्हती. आधीच दुबळा असलेला पेसो त्या दिवशी आणखी घसरला.

वित्तक्षेत्रातल्या स्त्रियांच्या कहाण्या सहसा 'गरीब घर, जिद्द, शिखर' या साच्यात सांगितल्या जातात. या प्रकरणात तसा साचा बसत नाही. त्यातली खरी गंमत वेगळी आहे. सरकारी पैशाचं वाटप करण्यात उभं करिअर घालवलेल्या अधिकारी स्त्रीला अचानक पैशाची किंमत ठरवायच्या खुर्चीत बसवलं, आणि सगळ्यांनी तिच्या पूर्वायुष्यावरून जे भाकीत केलं ते पुढची दोन-अडीच वर्षं तरी चुकत राहिलं. ते का चुकलं, हे पाहण्यासारखं आहे.

ठरलेली वाट कोणती होती

मेक्सिकोत मध्यवर्ती बँकेच्या शिखरावर पोहोचण्याची वाट बऱ्यापैकी मळलेली होती. मेक्सिको सिटीतल्या इताम या खाजगी विद्यापीठात अर्थशास्त्र, मग अमेरिकेत पुढचं शिक्षण, मग बँको दे मेक्सिको (देशाची मध्यवर्ती बँक) किंवा अर्थखातं. आधीचे गव्हर्नर पाहा: मिगेल मान्सेरा इताम आणि येल, आगुस्तिन कार्स्टेन्स इताम आणि शिकागो, आलेहान्द्रो दियास दे लेओन पुन्हा इताम आणि येल. गिलेर्मो ऑर्टिझ तेवढे सरकारी राष्ट्रीय विद्यापीठातले, पण डॉक्टरेट स्टॅनफर्डची. सगळे पुरुष, हे वेगळं सांगायला नको.

रॉड्रिगेझ यांची पदवी मोंतेरेच्या तेक्नोलोहिको विद्यापीठाची आणि एम.ए. कोलेहिओ दे मेक्सिकोचं. दोन्ही संस्था नावाजलेल्या आहेत, पण दोन्ही देशातल्याच. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती आणि अमेरिकेतला शिक्काही नव्हता. नोकरीची बरीच वर्षं गेली ती मेक्सिको सिटीच्या शहर सरकारच्या वित्त खात्यात. पाणीपुरवठा, मेट्रो, पोलीस, रस्ते, पगार: महानगराचा रोजचा खर्च जिथून सुटतो ती जागा. डिसेंबर २०१८ मध्ये लोपेझ ओब्राडोर सत्तेवर आले, तेव्हा रॉड्रिगेझ यांना केंद्रीय अर्थखात्यात खर्चाच्या उपसचिव म्हणून घेतलं गेलं. पदनामातल्या 'उप'वर जाऊ नये. मेक्सिकोत सचिव म्हणजे मंत्री. आपल्या दिल्लीतल्या व्यय सचिवाच्या तोडीचं हे पद, आणि त्यावर बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्या तीन वर्षांत अर्थमंत्री तीन झाले: कार्लोस उर्सुआ, आर्तुरो एरेरा, रोहेलिओ रामिरेझ दे ला ओ. खर्चाचं टेबल मात्र रॉड्रिगेझ यांच्याकडेच राहिलं.

गव्हर्नरपदासाठी खरं तर नाव ठरलं होतं यातल्या एरेरांचं. जून २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ते जाहीरही केलं, एरेरांनी त्यासाठी मंत्रिपद सोडलं. ऑगस्टमध्ये कुणाला न कळता ते नाव मागे घेतलं गेलं, आणि ही गोष्ट जगाला कळली थेट नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर. दुसऱ्याच दिवशी रॉड्रिगेझ यांचं नाव पुढे आलं. म्हणजे बाजाराला एकाच वेळी दोन धक्के बसले: ओळखीचा माणूस गेला आणि अनोळखी बाई आली. त्या दिवसाच्या घसरणीतला किती वाटा कशाचा, हे वेगळं करणं अवघड आहे. मथळ्यांत मात्र सगळं खापर बाईंच्या अनुभवावर फुटलं.

एवढी भीती कशाची

मेक्सिकन माणूस पेसोबद्दल हळवा का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९५४ पासून १९७६ पर्यंत डॉलरचा भाव साडेबारा पेसो होता, बावीस वर्षं तसाच. मग तो सुटला तो सुटलाच. फेब्रुवारी १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष होसे लोपेझ पोर्तिल्यो यांनी पेसोचं कुत्र्यासारखं रक्षण करीन असं सांगितलं, त्यानंतर काही दिवसांतच अवमूल्यन झालं, आणि १ सप्टेंबरला त्यांनी खाजगी बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. १९८७ मध्ये महागाईचा वार्षिक दर दीडशे टक्क्यांच्या वर गेला. १९९३ मध्ये नोटांवरचे तीन शून्य पुसून 'नवा पेसो' आणावा लागला.

या अनुभवातूनच घटनेत दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९९४ पासून बँको दे मेक्सिकोला स्वायत्तता मिळाली. पुढे कुठलंही सरकार बँकेला पैसे पुरवण्याचा आदेश देऊ शकणार नव्हतं. नऊ महिने होतात न होतात तोच, डिसेंबर १९९४ मध्ये पेसो कोसळला. पुढच्या वर्षी महागाई पन्नास टक्क्यांच्या घरात गेली, घरकर्जाचे हप्ते आवाक्याबाहेर गेले, कर्जदारांची 'एल बार्सोन' ही चळवळ ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरली. रॉड्रिगेझ यांची पिढी त्या वेळी कॉलेजच्या उंबरठ्यावर होती. त्या पिढीतल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चलन म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावं लागलं नसावं.

आता २०२१ कडे येऊ. राष्ट्राध्यक्ष आणि बँक यांच्यात वर्षभर कुरबुरी चालू होत्या. बँकेने कमावलेला वरकड नफा सरकारला मिळाला नाही म्हणून लोपेझ ओब्राडोर नाराज होते, आणि तेव्हाचे गव्हर्नर दियास दे लेओन यांना दुसरी मुदत देणार नाही असं त्यांनी मे महिन्यातच सांगून टाकलं होतं. पुढचा गव्हर्नर 'नैतिक अर्थव्यवस्था' मानणारा असेल, असंही ते म्हणाले. ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे १२ अब्ज डॉलरचा वाटा आला, तेव्हा त्यातून कर्ज फेडायचा विचार त्यांनी बोलून दाखवला. ते पैसे परकी चलनाच्या गंगाजळीचे आहेत, हवे असतील तर सरकारने पेसो मोजून विकत घ्यावेत, असं बँकेला समजावून सांगावं लागलं. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये, बँकांकडे साठलेले रोख डॉलर मध्यवर्ती बँकेने घेतलेच पाहिजेत असं विधेयक सिनेटने मंजूर केलं होतं. ते पुढे अडकलं, पण संशय राहून गेला.

अशा हवेत राष्ट्राध्यक्षांच्या खर्च खात्यातून थेट गव्हर्नर येणार म्हटल्यावर लोकांनी एकच अर्थ काढला: आता तिजोरीची किल्ली सरकारच्याच खिशात. विरोधी सिनेटरांनी कायद्यावरही बोट ठेवलं. गव्हर्नरला चलनविषयक प्रश्नांतली ख्याती हवी आणि वित्तव्यवस्थेतल्या वरिष्ठ पदाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, असं बँकेचा कायदा म्हणतो. शहराचं वित्त खातं त्यात धरायचं की नाही, यावर वाद झाला. रॉड्रिगेझ यांनी सिनेटपुढे सांगितलं की महागाई रोखणं हे पहिलं काम, स्वायत्तता जपली जाईल, गंगाजळीला हात लागणार नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला सिनेटने मंजुरी दिली, आणि १ जानेवारी २०२२ ला मेक्सिकोला पहिली स्त्री गव्हर्नर मिळाली.

गव्हर्नर सरकारी खात्यातून येणं काही नवीन नव्हतं, हे त्या गदारोळात जवळजवळ विसरलं गेलं. ऑर्टिझ आणि कार्स्टेन्स दोघंही गव्हर्नर होण्याआधी चक्क अर्थमंत्री होते. त्यांच्याकडे जोडीला डॉक्टरेट आणि ओळखीपाळखी होत्या, हे खरं. पण 'सरकारचा माणूस' हा आक्षेप घ्यायचाच, तर तो मंत्र्याला आधी लागू पडतो आणि अधिकाऱ्याला नंतर.

खर्च विभाग काय शिकवतो

मला या प्रकरणात सर्वांत जास्त रस वाटतो तो इथे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, खर्च सांभाळणारी व्यक्ती म्हणजे खर्चिक व्यक्ती. कुठल्याही जिल्हा परिषदेच्या किंवा मंत्रालयाच्या वित्त शाखेत फाइल घेऊन गेलेल्या माणसाला विचारा, तो उलटं सांगेल. वित्त शाखेकडे फाइल जाते ती बहुधा शेरा घेऊन परत येण्यासाठी. खर्च उपसचिवाकडे अर्थसंकल्पाचा आराखडा असतो, कोणत्या खात्याला कोणत्या महिन्यात किती पैसे सुटतील याचं वेळापत्रक असतं, आणि प्रत्येक खात्याची 'आमचं काम वेगळं आहे' ही विनवणी रोज ऐकावी लागते. नाही म्हणणं हेच त्या खुर्चीचं काम.

शिवाय ते खर्च खातं कोणत्या सरकारचं होतं, हेही पाहायला हवं. लोपेझ ओब्राडोर डावे म्हणवले जात, पण 'प्रजासत्ताक काटकसर' हा त्यांचा आवडता मंत्र होता. साथीच्या काळात २०२० मध्ये बहुतेक मोठ्या देशांनी कर्ज काढून पैसे वाटले. मेक्सिकोने मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये अगदी हात आखडून खर्च केला, इतका की त्यावर डावे अर्थतज्ज्ञच चिडले. ते आखडतेपण योग्य होतं असं मी म्हणत नाही. लाखो लहान धंद्यांना त्या वर्षी कुणी विचारलं नाही. पण ज्या विभागाने ते आखडतेपण अमलात आणलं, त्याच्या प्रमुखाकडून सैलपणाची भीती बाळगणं जरा विचित्रच होतं. बायोडेटा वाचला गेला, कामाचं स्वरूप वाचलं गेलं नाही.

पाच मतं

बँकेची मुख्य इमारत मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात बेयास आर्तेस या कलाभवनाशेजारी आहे. तिथून सिंको दे मायो रस्त्याने सरळ चालत गेलं की सोकालो चौक येतो, आणि चौकापलीकडे राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा. अंतर पायी पंधरा-वीस मिनिटांचं.

निर्णय मात्र गव्हर्नर एकट्या घेत नाहीत. एक गव्हर्नर आणि चार उपगव्हर्नर, प्रत्येकाचं एक मत, मुदती एकमेकांत अडकलेल्या, म्हणजे एकाच राष्ट्राध्यक्षाला एकदम पाचही जण बदलता येत नाहीत. रॉड्रिगेझ आल्या तेव्हा मंडळात इरेने एस्पिनोसा आणि गालिया बोर्हा या दोघी आधीच होत्या. पाचांत तीन स्त्रिया. जगातल्या मध्यवर्ती बँकांत हे चित्र तेव्हा दुर्मीळ होतं आणि आजही आहे. उरलेले दोघे जोनाथन हीथ आणि हेरार्दो एस्किवेल.

परीक्षा लगेच झाली. बँकेचं लक्ष्य ३ टक्के महागाईचं, एक टक्का इकडे-तिकडे. नोव्हेंबर २०२१ मध्ये महागाई ७.३७ टक्के, म्हणजे वीस वर्षांत सर्वांत जास्त. मेक्सिकोत महागाईचा आकडा पंधरवड्याला येतो, त्यामुळे बँकेला श्वास घ्यायलाही फारशी उसंत मिळत नाही. बँकेचा व्याजदर ५.५० टक्क्यांवर होता. १० फेब्रुवारी २०२२ च्या त्यांच्या पहिल्या बैठकीत तो अर्ध्या टक्क्याने वाढून ६ झाला. एस्किवेल यांना पाव टक्का पुरेसा वाटत होता. नव्या गव्हर्नर कडक बाजूला उभ्या राहिल्या.

मार्चमध्ये भलताच प्रसंग घडला. २४ तारखेला बँकेने निर्णय जाहीर करण्याच्या काही तास आधी राष्ट्राध्यक्षांनीच सकाळच्या पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की दर अर्ध्या टक्क्याने वाढला आहे आणि तोही एकमताने. निर्णय खरोखर तोच निघाला. लोपेझ ओब्राडोर यांनी नंतर माफी मागितली. तो आधीच जाहीर झालाय असं वाटलं, असा खुलासा केला. जी शंका सगळ्यांच्या मनात होती, ती खरी ठरवायला याहून चांगला पुरावा टीकाकारांना मिळाला नसता. बँकेने मात्र नेहमीच्या वेळी, दुपारी एक वाजता, नेहमीच्या भाषेत आपलं निवेदन काढलं. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. बातमी राजवाड्यापर्यंत आधी कशी पोहोचली, यावर अधिक बोलायला हवं होतं.

पण दर वाढत राहिले. जूनमध्ये पाऊण टक्का एकदम, दर लक्ष्य ठरवण्याची पद्धत सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी वाढ. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई ८.७० टक्क्यांना टेकली. खाण्यापिण्याच्या तयार वस्तूंची वाढ दोन अंकी होती. सरकारने पेट्रोलवरचा कर सोडून दिला, बड्या कंपन्यांशी भाव गोठवण्याचा करार केला. बँक आपल्या वाटेने चालत राहिली. डिसेंबरअखेर १०.५०. फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्यांना पाव टक्क्याची अपेक्षा असताना अर्धा टक्का, म्हणजे ११. मार्चअखेर ११.२५. पंधरा महिन्यांत पावणेसहा टक्के, आणि मग तो दर जवळजवळ वर्षभर हलला नाही. २०२३ च्या अखेरीस महागाई ४.६६ टक्क्यांवर आली होती.

अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, पहिली वाढ केली ती मार्च २०२२ मध्ये, मेक्सिकोने जून २०२१ मध्येच सुरुवात केली होती. त्या लवकर उचललेल्या पावलाचं श्रेय दियास दे लेओन यांच्या मंडळाचं. रॉड्रिगेझ यांनी ते पाऊल मागे घेतलं नाही, उलट लांब टाकलं.

महाग पेसोची किंमत

अमेरिकेतल्या दरापेक्षा सहा टक्क्यांहून जास्त व्याज म्हटल्यावर डॉलर मेक्सिकोकडे धावले. त्यात चीनमधून निघालेले कारखाने मेक्सिकोत येणार ही हवा. २०२२ च्या सुरुवातीला साडेवीस पेसोंना मिळणारा डॉलर २०२३ च्या जुलैत सतराच्या खाली आला. वर्तमानपत्रांनी त्याला 'सुपरपेसो' म्हटलं, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पेसो बुडाला म्हणून रडणारेच आता तो फार महाग झाला म्हणून कुरकुरू लागले.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मेक्सिकोबाहेर राबणाऱ्या लोकांनी २०२३ मध्ये घरी ६० अब्ज डॉलरहून अधिक पाठवले. मिचोआकान किंवा वाहाकातल्या एखाद्या घरात दर महिन्याला तीनशे डॉलर येत असतील, तर त्याचे पेसो आता हजारभराने कमी भरत होते, आणि बाजारात टोमॅटो-टॉर्टिया मात्र आधीपेक्षा महागच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून आखातात गेलेल्यांच्या घरी दिरहमचा भाव ज्या डोळ्यांनी पाहिला जातो, त्याच डोळ्यांनी तिकडे डॉलरचा भाव पाहिला जातो. घट्ट धोरणाचं बिल गरिबाच्याही दारात येतं, ही बाजू गव्हर्नरांच्या कौतुकात हमखास गळते.

मग शंका पुन्हा उभी राहिली

मार्च २०२४ मध्ये पहिली कपात झाली, चार विरुद्ध एक, एस्पिनोसा विरोधात. जूनमध्ये निवडणूक झाली, सत्ताधारी पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं, न्यायव्यवस्था बदलण्याचे बेत पुढे आले आणि पेसो घसरू लागला. ऑगस्टच्या सुरुवातीला जपानी येनमध्ये कर्ज काढून पेसोत गुंतवलेला पैसा एकदम बाहेर पडला. जुलैची महागाई ५.५७ टक्के होती, लक्ष्याच्या वरच्या टोकाच्याही बाहेर. आणि ८ ऑगस्टला मंडळाने दर १०.७५ वर आणला. मतं तीन विरुद्ध दोन. एस्पिनोसा आणि हीथ म्हणाले थांबा. गव्हर्नर कपातीच्या बाजूला होत्या.

बँकेचा युक्तिवाद होता की वरचा आकडा फळं-भाज्यांमुळे फुगलाय, आतली, चिवट महागाई सलग उतरते आहे. हा युक्तिवाद निराधार नव्हता. वर्षअखेर महागाई ४.२१ पर्यंत खाली आली. पण तीन-दोनच्या निकालात गव्हर्नरचं मत कुठल्या बाजूला पडलं, याकडे लोक त्यांच्या पूर्वेतिहासासकट बघतात. २०२२ मध्ये कमावलेल्या विश्वासातला थोडा त्या दिवशी खर्च झाला, असं माझं मत. पुढे क्लाउडिया शेनबाउम राष्ट्राध्यक्ष झाल्या, कपाती चालू राहिल्या, २०२५ मध्ये काही काळ अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने. त्या काळात हीथ यांचं विरोधी मत अनेकदा एकटंच असे.

मिंट रोडवरून पाहताना

मिंट रोड म्हणजे मुंबईतला रिझर्व्ह बँकेचा पत्ता. भारतीय वाचकाला यात ओळखीचं बरंच सापडेल. डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जित पटेल यांनी राजीनामा दिला आणि शक्तिकांत दास गव्हर्नर झाले, तेव्हा 'इतिहासाचे एम.ए., सरकारचे सचिव' एवढ्या दोन गोष्टींवर किती विनोद झाले ते आठवा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात त्याच दासांच्या समितीने रेपो दर ४ वरून ६.५० वर नेला. आणि या पठडीचा मूळ पुरुष तर आपल्याच रायगडचा. चिंतामणराव देशमुख आयसीएस अधिकारी, रिझर्व्ह बँकेत आले ते १९३९ मध्ये सरकार आणि बँक यांच्यातला दुवा म्हणून, आणि १९४३ मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झाले. प्रशासनातून मध्यवर्ती बँकेत येणं आपल्याकडे आडवाट कधीच नव्हती.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र मेक्सिको पुढे गेला. रिझर्व्ह बँकेत २००३ मध्ये के. जे. उदेशी पहिल्या स्त्री डेप्युटी गव्हर्नर झाल्या, मग श्यामला गोपीनाथ, उषा थोरात, आणि २०२५ मध्ये पूनम गुप्ता. गव्हर्नरच्या खुर्चीत आजवर एकही नाही. मेक्सिकोने २०१९ मध्ये सरकारी पदांवर स्त्री-पुरुष समानतेची तरतूद थेट घटनेत घातली. रॉड्रिगेझ यांची निवड जाहीर करताना राष्ट्राध्यक्षांनी त्या स्त्री आहेत हे आवर्जून सांगितलं होतं. विरोधकांनी त्याला देखावा म्हटलं. ते असेलही. पण देखावा म्हणून उघडलेल्या दारातून आत येणाऱ्या व्यक्तीला फेब्रुवारीत मत द्यावं लागतं, आणि ते मत इतिवृत्तात नावानिशी छापलं जातं.

रॉड्रिगेझ यांची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ला संपेल. पुढचं नाव शेनबाउम सुचवतील, आणि त्या नावाची छाननी करताना सिनेट कायद्यातली 'पाच वर्षांचा अनुभव' ही ओळ पुन्हा वाचेल. शहराच्या पाणीपट्टीचा आणि मेट्रोच्या पगाराचा हिशेब त्या अनुभवात धरायचा की नाही, हे मात्र कायद्यात अजूनही स्पष्ट केलेलं नाही.